नवा जिल्हा मागताय? आधी नस्ती (फाइल) नीट बांधा

नाशिक जिल्हा तोडून मालेगाव जिल्हा व्हावा, कळवण जिल्हा व्हावा, या मागण्यांची निवेदनं मी महसूल खात्यात असताना इतकी हाताळली की लेटरहेड झाकलं तरी मजकुरावरून निवेदन कुणाचं ते सांगू शकेन. ‘भौगोलिकदृष्ट्या विस्तीर्ण’, ‘विकासापासून वंचित’, ‘जनभावना तीव्र’. खाली सह्या, सोबत फोटो, दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी. टपाल शाखेत त्याला आवक क्रमांक पडतो, ‘शासनास सादर’ असा शेरा होतो आणि कागद मंत्रालयात आपल्याच भाऊबंदांवर जाऊन बसतो. त्यात निर्णय घेण्यासारखं काही नसतं, हे त्याचं खरं कारण.

निवृत्तीनंतर कसमादे (कळवण, सटाणा म्हणजे बागलाण, मालेगाव, देवळा) पट्ट्यातली आणि सुरगाण्याकडची पोरं मधूनमधून मसुदा तपासायला घेऊन येतात. त्यांना तोंडी सांगतो तेच इथं लिहितोय.

जिल्हा करतं कोण?

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६. त्यातलं कलम ४ एकदा स्वतः वाचा, दोन पानांचं आहे. राज्य सरकार राजपत्रात अधिसूचना काढून जिल्हा, उपविभाग, तालुका ठरवू शकतं, त्यांच्या हद्दी बदलू शकतं, जोडू शकतं, तोडू शकतं. विधानसभेत कायदा पास करावा लागत नाही, दिल्लीची परवानगी लागत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सुरगाण्याच्या सीमेवरच्या काही गावांनी गुजरातमध्ये जाण्याची भाषा केली, तो प्रकार वेगळा. राज्याची हद्द हलवायची तर संविधानाचं कलम ३ आणि संसद आली. जिल्ह्याची हद्द हलवायला मुंबईतलं मंत्रिमंडळ पुरतं. दोन्ही मागण्या एकाच निवेदनात लिहू नका. ‘नाहीतर आम्ही गुजरातला जातो’ या वाक्यानं बातमी मोठी होते, पण कागद महसूल विभागाकडून सरळ राजकारणाच्या टेबलावर जातो.

त्याच कलमात पूर्वप्रसिद्धीची अट आहे. म्हणजे आधी प्रारूप (कच्ची) अधिसूचना, मग हरकती-सूचनांना मुदत, त्यांचा विचार, मग अंतिम अधिसूचना. बहुतेक समित्या मंत्रिमंडळाच्या निर्णयाकडे डोळे लावून बसतात. माझं मत असं की खरी लढाई हरकतींच्या मुदतीत होते आणि ती त्याच्या आधी दोन-तीन वर्षं जिंकून ठेवावी लागते. कशी, ते पुढे येतंच.

राज्यात १९६० साली २६ जिल्हे होते. १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग आणि जालना, १९८२ च्या ऑगस्टमध्ये लातूर आणि गडचिरोली, १९९० ला मुंबई उपनगर, १ जुलै १९९८ ला नंदुरबार आणि वाशिम, १ मे १९९९ ला हिंगोली आणि गोंदिया, १ ऑगस्ट २०१४ ला पालघर. झाले ३६. तारखा नीट बघा. गोंदिया-हिंगोलीनंतर त्याच वर्षी विधानसभेची निवडणूक, पालघरनंतरही त्याच वर्षी. पालघरचा मंत्रिमंडळ निर्णय जून २०१४ चा आणि जिल्हा १ ऑगस्टचा. सरकारच्या मनात आलं की काम आठवड्यांत होतं. फक्त त्या आठवड्यांत ज्याचा प्रस्ताव परिपूर्ण असतो, त्याचाच नंबर लागतो.

आणि सध्याची अडचणही लक्षात घ्या. जनगणनेसाठी प्रशासकीय हद्दी १ जानेवारी २०२६ पासून ३१ मार्च २०२७ पर्यंत गोठवल्या आहेत. या काळात कुणी ‘महिन्याभरात घोषणा’ म्हणत असेल तर हार घालून घ्या, पण वर्गणी देऊ नका. ही मुदत गृहपाठासाठी वापरा.

आकडे कोणते द्यायचे

नाशिक जिल्ह्याची २०११ ची लोकसंख्या ६१,०७,१८७. तालुके १५. क्षेत्रफळ साधारण साडेपंधरा हजार चौरस किलोमीटर. हे सगळेच लिहितात. त्याच्या शेजारी हे मांडा: त्याच जनगणनेत सिंधुदुर्ग साडेआठ लाखांच्या आत, गडचिरोली पावणेअकरा लाखांच्या आसपास, हिंगोली आणि वाशिम बारा लाखांच्या आत, आपल्याच विभागातला नंदुरबार साडेसोळा लाखांच्या आत. म्हणजे नाशिकच्या एका मोठ्या तुकड्याचा जिल्हा झाला तर तो राज्यात काही अपवाद ठरणार नाही. तुलना नेहमी महाराष्ट्रातलीच द्या. तेलंगणानं किती जिल्हे केले ते मंत्रालयातल्या कक्ष अधिकाऱ्याला ठाऊक असतं आणि त्याला त्यात रस नसतो.

नंदुरबारचा दाखला मला सगळ्यात जवळचा वाटतो. धुळ्यातून सहा तालुके निघाले: नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा, अक्राणी. गुजरात आणि मध्य प्रदेश दोन्हींना लागून असलेला, आदिवासीबहुल, सातपुड्यातला भाग. मागे धुळ्याला चारच तालुके उरले: धुळे, साक्री, शिरपूर, शिंदखेडा. मूळ जिल्हा इतका लहान करूनही सरकारनं ते केलं. ‘नाशिक लहान होईल’ म्हणणाऱ्याला हेच उत्तर पुरतं.

खुद्द नाशिक जिल्हाच १८६९ साली इंग्रजांनी अहमदनगर आणि खानदेशातून तुकडे घेऊन बनवला. मालेगाव, बागलाण हा त्यातला खानदेशचा भाग, म्हणून तिकडे अजून अहिराणी कानावर पडते. सुरगाणा तर स्वातंत्र्यापर्यंत संस्थान होतं. हा इतिहास निवेदनात एका परिच्छेदापेक्षा जास्त नको. सभेत भाषणाला चांगला.

आता विवरणपत्र. हे काम कंटाळवाणं आहे आणि हेच कुणी करत नाही. जनगणनेच्या संकेतस्थळावर नाशिकची जिल्हा जनगणना पुस्तिका फुकट मिळते, तिच्यात गावनिहाय माहिती आहे. एक्सेलमध्ये प्रत्येक गावाची एक ओळ करा: गाव, जनगणना संकेतांक, ग्रामपंचायत, सजा (एका तलाठ्याकडची गावं), महसूल मंडळ (काही सजांचा गट), लोकसंख्या, त्यातली अनुसूचित जमातीची लोकसंख्या, नाशिकपर्यंतचं रस्त्याचं अंतर, प्रस्तावित मुख्यालयापर्यंतचं अंतर. सजा आणि मंडळाची नावं तलाठ्याकडून (आता कागदावर ‘ग्राम महसूल अधिकारी’) तपासून घ्या, कारण पुस्तिका जुनी आहे आणि मधल्या काळात सजांची पुनर्रचना झाली.

यात आणखी दोन रकाने घाला, जे मला आजवर कुठल्याच समितीच्या प्रस्तावात दिसले नाहीत. थेट एसटी आहे का? आणि परतीची शेवटची गाडी किती वाजता? सुरगाण्याचा माणूस नाशिकला जुन्या सीबीएसवर (मध्यवर्ती बसस्थानकावर) उतरतो आणि रस्ता ओलांडला की जिल्हाधिकारी कार्यालय. अंतर ऐंशी-नव्वद किलोमीटर असेल, घाट असेल, पण गाडी एक आहे. उद्या त्याला मालेगावला जोडलंत तर कळवण, देवळा करत शंभराच्या कितीतरी पुढे जावं लागेल, मध्ये गाडी बदलून. त्याच्यासाठी तो जिल्हा जवळ आला की लांब गेला? बागलाणात साल्हेरकडच्या गावाचं नेमकं उलट: त्याला सटाणा-मालेगाव सरळ आहे, नाशिक दूर. नकाशावर पट्टी ठेवून हे कळत नाही, वेळापत्रकावरून कळतं. आगार व्यवस्थापकाकडे रीतसर अर्ज करून वेळापत्रक मागा आणि ते सहपत्र म्हणून जोडा.

कोण येणार, कोण नाही

मालेगावची मागणी जुनी आहे. अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासूनची, असं तिकडचे जुने लोक सांगतात. मग अडलं कुठं? मालेगावला जिल्हा नको असं म्हणणारा फारसा कुणी भेटत नाही. बागलाण, कळवण, देवळ्यात मात्र ‘जिल्हा करा, पण आम्हाला त्यात घेऊ नका’ म्हणणारे भरपूर भेटतात. कळवणचं म्हणणं, आदिवासी पट्ट्याचा वेगळा जिल्हा आमच्याकडे करा. येवल्या-चांदवडला कुणाच्या यादीत घेतात, कुणाच्या नाही. मनमाडला आधी स्वतःचा तालुका हवाय. प्रत्येक समितीच्या कागदावर नव्या जिल्ह्याचे तालुके वेगळे. अशा वेळी मंत्रालय काय करणार? थांबतं. थांबणं सगळ्यात स्वस्त.

म्हणून पहिली बैठक आपल्या गावात घेऊ नका. ज्या तालुक्यात तुम्हाला विरोध आहे तिथं घ्या आणि माइक त्यांच्या हातात द्या. त्यांची भीती साधारण तीन प्रकारची असते: मुख्यालय लांब जाईल, निधी मोठ्या शहरात जिरेल, आणि तिसरी, जी माइकवर कुणी बोलत नाही, ती जात-धर्माची. पहिल्या दोनांवर कागदी उत्तर देता येतं. तिसरीवर निवेदनात एक शब्दही लिहू नका, पण चहाच्या टपरीवर ती जरूर ऐका, नाहीतर हरकतींच्या मुदतीत ती ‘भौगोलिक गैरसोय’ या नावानं गठ्ठ्यानं येईल.

मग ग्रामसभा. जिल्हा करायला ग्रामसभेचा ठराव कायद्यानं सक्तीचा नाही, पण हरकतींना तोंड द्यायला त्याच्याइतका वजनदार कागद दुसरा नाही. गणपूर्ती म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातलं जे कमी असेल ते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ठरलेल्या सभांच्या विषयपत्रिकेत विषय आधी घालून घ्या. ‘आयत्या वेळचे विषय’ यात घातलेल्या ठरावाला कुणीही आव्हान देतो. कळवण, सुरगाणा, पेठ हे तालुके पूर्ण अनुसूचित क्षेत्रात आहेत, तिथं पेसाखाली (अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांचा कायदा) पाड्याची ग्रामसभाही असते. ती टाळून नुसत्या ग्रामपंचायतीचा ठराव आणाल तर फुकट जाईल.

ठरावाचा मजकूर साधा ठेवा. मी असा देतो:

‘मौजे ____, ता. ____ या गावाचा समावेश प्रस्तावित ____ जिल्ह्यात करण्यास, त्याचे मुख्यालय ____ येथे असल्यास, या ग्रामसभेची संमती आहे. मुख्यालय अन्यत्र झाल्यास संमती नाही असे समजावे. गावापासून नाशिक ____ कि.मी., प्रस्तावित मुख्यालय ____ कि.मी. सूचक ____, अनुमोदक ____.’

‘असल्यास’ हा शब्द कार्यकर्त्यांना आवडत नाही. त्यांना बिनशर्त पाठिंबा हवा असतो. पण शर्त घातलेला ठराव खरा वाटतो आणि पुढं मुख्यालयाच्या भांडणात तुमच्याच कामी येतो. एखाद्या गावानं नकाराचा ठराव केला तर तोही जोडा आणि ते गाव यादीतून वगळा. महसूल मंडळाच्या हद्दीवर असेल तर वगळता येतं. स्वतःहून गावं वगळणारा प्रस्ताव वरच्या अधिकाऱ्याला एकदम विश्वासाचा वाटतो, हे मी टेबलाच्या त्या बाजूला बसून पाहिलंय.

मुख्यालयाचं आधी मिटवा

ठाणे जिल्हा २०११ ला एक कोटी दहा लाखांवर गेला होता, देशात सगळ्यात मोठा. त्याचं विभाजन व्हावं यावर वाद नव्हता. वाद होता तो जव्हार की पालघर यावर. जव्हार डोंगरातलं, आदिवासी भागाच्या मध्यातलं, जुन्या संस्थानाचं गाव. पालघर पश्चिम रेल्वेवरचं. रेल्वे जिंकली. जव्हारला अपर जिल्हाधिकारी कार्यालय मिळालं. मोखाड्याचा माणूस आजही त्यावर काय बोलतो ते त्र्यंबकच्या बाजारात ऐकायला मिळेल. आणि जिल्हा झाल्यावरही पालघरजवळच्या कोळगावचं मुख्यालय संकुल वापरात यायला २०२१ उजाडलं.

तेव्हा प्रस्तावात मुख्यालयाच्या गावाचं नुसतं नाव देऊ नका. शासकीय जमिनीचे गट नंबर द्या, सातबारा जोडा, वाद-अतिक्रमण असेल तर तेही लिहा. जी गावं मुख्यालयापासून लांब पडतात त्यांच्यासाठी काय, तेही त्याच कागदात: कुठल्या तालुक्याला अपर जिल्हाधिकारी कार्यालय, कुठं प्रांत (उपविभागीय अधिकारी). मालेगाव आणि कळवण दोघांनीही हे केलं तर त्यांचं अर्धं भांडण तिथंच मिटेल, पण दोन्हीकडच्या पुढाऱ्यांना भांडण मिटण्यात किती रस आहे हे मला सांगता येणार नाही.

पैशाचं पान

फाइल खऱ्या अर्थानं इथं अडते. महसूल विभागाची टिपणी झाली की वित्त आणि नियोजन विभागाचे अभिप्राय लागतात. नवा जिल्हा म्हणजे जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, जिल्हा परिषद, जिल्हा शल्यचिकित्सक, कोषागार, कृषी, नियोजन आणि अशी कितीतरी कार्यालयं, प्रत्येकाचा आकृतिबंध (मंजूर पदांचा आराखडा), पदं, इमारत, गाड्या. तुम्हाला रुपयांचा हिशेब करता येणार नाही, करूही नका. तुम्ही एवढंच करा: आज तिथं काय आहे याची यादी. जे आहे त्याचा खर्च पुन्हा करावा लागत नाही.

मालेगावची बाजू इथं भक्कम आहे. अपर जिल्हाधिकारी आहेत, अपर पोलीस अधीक्षक आहेत, सामान्य रुग्णालय आहे, २००१ पासून महापालिका आहे, गाड्यांना एमएच-४१ वेगळा मिळालाय. कळवणकडे प्रांत, एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय, उपजिल्हा रुग्णालय. कळवणवाल्यांना मी सांगतो, थेट जिल्हा मागण्याआधी अपर जिल्हाधिकारी मागा. मात्र त्यातही एक मेख आहे. अपर कार्यालय मिळालं की ‘आता लोकांची सोय झाली, जिल्हा कशाला’ असं म्हणायला वाव मिळतो. म्हणून अपर कार्यालयाच्या मागणीत ‘प्रस्तावित जिल्ह्याचा पहिला टप्पा म्हणून’ हे शब्द घाला आणि उत्तरातही ते येतात का ते बघा.

काय बदलतं, काय नाही

गावोगाव हे विचारतात, म्हणून उत्तरं तयार ठेवा. सातबारा, खरेदीखतं, जातीचे दाखले जिल्हा बदलला म्हणून रद्द होत नाहीत. विधानसभा-लोकसभेचे मतदारसंघ बदलत नाहीत, ते परिसीमनाचं (मतदारसंघ नव्यानं आखण्याचं) काम. मालेगावची दोन्ही विधानसभा क्षेत्रं आणि बागलाण आजही धुळे लोकसभेत आहेतच की. जिल्हा परिषद मात्र दोन होतात, कर्मचारी आणि मालमत्ता वाटल्या जातात. पालघरला जिल्हा परिषदेची निवडणूक जानेवारी २०१५ मध्ये झाली. अनुसूचित क्षेत्राचा दर्जा जात नाही, तो राष्ट्रपतींच्या आदेशानं ठरतो. जिल्हा न्यायालय आपोआप येत नाही, त्यात उच्च न्यायालयाचा भाग असतो.

शेतकरी हमखास विचारतो ते जिल्हा बँकेचं. जिल्हा वेगळा झाला की बँक वेगळी होतेच असं नाही. धुळे-नंदुरबारची मध्यवर्ती बँक अजून एकत्र आहे, पालघरला अजून ठाणे जिल्हा बँकच आहे. नाशिक जिल्हा बँकेची थकबाकी नव्या जिल्ह्यात माफ होईल अशी कुजबूज कुणी पसरवत असेल तर तिथल्या तिथं खोडा. तिच्यावर मिळालेला पाठिंबा बँकेची नोटीस येईपर्यंतच टिकतो.

कागद कुठं द्यायचा

एकच प्रस्ताव, चार प्रती: जिल्हाधिकारी, नाशिक रोडला विभागीय आयुक्त, मंत्रालयात अपर मुख्य सचिव (महसूल), आणि चौथी पालकमंत्री कार्यालयात. मूळ प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडेच, कारण शासन शेवटी अहवाल त्यांच्याकडूनच मागवतं. पोहोचेवर आवक क्रमांक आणि तारीख घ्या, सहपत्रांची पानं क्रमांकित करा आणि पोहोचेवर ‘एकूण पाने’ लिहून घ्या. नाहीतर ठराव मागे राहतात आणि वरचं पत्र तेवढं पुढं जातं.

दोन महिन्यांनी माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून. ‘जिल्हा कधी होणार’ असं विचारू नका, ती माहिती नव्हे. विचारा: अमुक आवक क्रमांकाचा प्रस्ताव कुठल्या कार्यासनाकडे (टेबलाकडे) आहे, कुठल्या तारखेला कुठल्या जावक क्रमांकानं पुढं गेला, जिल्हाधिकाऱ्यांकडून अहवाल मागवलेल्या पत्राची प्रत. मंत्रिमंडळापुढची टिपणी निर्णय होईपर्यंत मिळत नाही, कायद्यात तशी सूट आहे. त्याच्या आधीचा पत्रव्यवहार मिळतो.

प्रारूप अधिसूचना निघाली की त्याच दिवशी राजपत्राची प्रत उतरवून घ्या आणि गावांची यादी तुमच्या विवरणपत्राशी ओळीओळीनं ताडा. एकाच नावाची गावं दोन तालुक्यांत असतात, बुद्रुक-खुर्द उलटं छापलं जातं, नवा महसुली गाव झालेला पाडा सुटतो. या चुकांवरची हरकत पहिल्या आठवड्यातच द्या, संकेतांकासह. तुमच्या बाजूची संमतीची निवेदनंही त्याच मुदतीत द्यायची असतात, हे लोक विसरतात. विरोधकांच्या हरकतींचा गठ्ठा मोठा आणि समर्थकांचा शून्य, असं झालं की सुनावणीच्या अहवालात तेवढंच दिसतं.